लस आणि हजेरी



रोगांचा इतिहास सांगायला डॉक्टर उभा राहावा अशी आपली अपेक्षा असणार, आणि ती रास्त आहे. मी डॉक्टर नव्हे. माझे शाळेतले शिक्षण थोडे. बाकीचे युनियनच्या कचेरीत कायद्याची पुस्तके, सरकारी अहवाल आणि जुनी वर्तमानपत्रे वाचून झाले. माझा धंदा मजुरांच्या याद्या करण्याचा. कोण कामावर आहे, कोणाचे नाव हजेरीपटावर चढले नाही, कोणाची उचल किती फिटली, हे लिहून काढण्यात तीस वर्षे गेली. या धंद्यात एक गोष्ट पक्की कळते. ज्याचे नाव यादीत नाही त्याला मजुरी नाही, भरपाई नाही, आणि तो मेला तर त्याची चौकशीही नाही. साथीच्या रोगांचा इतिहास वाचू लागलो तेव्हा हीच गोष्ट मला तेथेही आढळली, म्हणून हा विषय मी आपल्यापुढे मांडायला घेतला आहे.

मुद्दा थोडक्यात असा. लस ही एका माणसाला वाचवते. परंतु साथ हटते ती लस आणि मोजदाद या दोन्ही मिळून. कोणाला टोचले, कोण राहिला, रोगी कोठे आहे आणि तो कोणाकोणाला भेटला, याची नोंद नसेल तर कोट्यवधी लोकांना टोचूनही रोग जिवंत राहतो. आपल्या देशात हे घडून गेलेले आहे. ते कसे घडले हे प्रथम पाहू, आणि मग आपल्या बीड जिल्ह्याकडे वळू.

देवीच्या रोगाची आठवण आता वृद्धांपाशीच उरली आहे. माझ्या वयाच्या लोकांच्या दंडावर टोचल्याची गोल खूण आहे, आमच्या मुलांच्या दंडावर ती नाही. त्या काळी घरात देवी आली की दाराला कडुलिंबाचा डहाळा लागे, मोठ्याने बोलणे बंद होई आणि आजाऱ्याच्या अंगातील ताप हा मातेचा कोप मानून तिची मनधरणी केली जाई. याला कोणी हसू नये. ज्या रोगात न टोचलेल्या दहा रोग्यांपैकी सुमारे तीन दगावत, उरलेल्यांपैकी कित्येकांचे डोळे जात, आणि ज्यावर जगातल्या कोणत्याही डॉक्टरजवळ औषध नव्हते, त्या रोगापुढे हात जोडण्यावाचून गरिबाने दुसरे काय करावे?

औषध नव्हते, पण रोग होऊ नये याचा उपाय मात्र फार जुना आहे. इंग्लंडात १७९६ साली एडवर्ड जेन्नर याने गाईला होणाऱ्या सौम्य देवीचा रस एका मुलाच्या हाताला टोचला आणि त्या मुलाला पुढे खरी देवी होत नाही हे दाखवून दिले. विषाणू म्हणजे काय हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. सौम्य रोगाशी एकदा झुंज घेतलेले शरीर त्याच्या जातीतल्या भयंकर रोगाला ओळखते आणि परतवून लावते, एवढे मात्र अनुभवाने सिद्ध झाले. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला मुंबईत ही लस यशस्वीपणे टोचली गेली. आपल्या देशातील ती पहिली लस.

ती मुंबईपर्यंत आली कशी, हेही ऐकण्यासारखे आहे. त्या काळी लस वाटेतल्या उन्हाने निकामी होई. म्हणून बगदाद आणि बसरा या वाटेने ती माणसांच्या दंडावरून आली. एकाला टोचायचे, आठवड्याने त्याच्या दंडावर फोड उठला की त्यातला रस दुसऱ्याला टोचायचा, आणि असे करीत पुढचा मुक्काम गाठायचा. मुंबईहून याच रीतीने ती पुणे, सुरत, मद्रास आणि हैदराबाद येथे पोहोचली. ज्या हैदराबाद संस्थानात आपला जिल्हा १९४८ पर्यंत होता, त्याच्या राजधानीला देवीची लस एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच ठाऊक झाली होती.

आता प्रश्न असा, की लस १८०२ साली आली, तर देवी जायला १९७५ साल का उजाडले? मधली पावणेदोनशे वर्षे कशात गेली?

याची उत्तरे दोन आहेत. पहिले उत्तर लसीसंबंधी आहे. पातळ लस उन्हाळ्यात टिकत नसे, आणि खेड्यापर्यंत जाता जाता तिच्यातला जीव निघून जाई. टोचणारा येई, टोचून जाई, पण दंडावर काही उठत नसे. आणि लोक म्हणत की लसीत काही दम नाही. विसाव्या शतकात गोठवून सुकवलेली लस निघाली तेव्हा ही अडचण दूर झाली. आपल्या देशात बेळगाव, हैदराबाद, मद्रासजवळील गिंडी आणि कुमाऊंतील पटवाडांगर या चार ठिकाणी ती तयार होऊ लागली. पुढे दोन टोकांची एक साधी सुई आली. तिने थोड्याशा लसीत पुष्कळ माणसे टोचता येत, आणि ती चालवायला शिकायला फार वेळही लागत नसे.

दुसरे उत्तर हिशेबाचे आहे, आणि माझ्या मते तेच अधिक महत्त्वाचे. सन १९६२ मध्ये भारत सरकारने देवीच्या उच्चाटनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. थोड्या वर्षांत बहुतेक सर्व लोकांना टोचून काढायचे, म्हणजे रोग आपोआप संपेल, अशी कल्पना होती. कर्मचाऱ्यांनी कामही केले. कोट्यवधी टोचण्या कागदावर नोंदल्या गेल्या. तरीसुद्धा १९६७ साली देशात देवीचे ८४ हजारांहून अधिक रोगी नोंदले गेले. टोचण्यांचा आकडा चढतो आहे आणि रोग्यांचा आकडा उतरत नाही, हे कसे?

तपास केला तेव्हा कारण सापडले. टोचण्या मोजल्या जात होत्या, माणसे मोजली जात नव्हती. टोचणाऱ्याला महिन्याचा आकडा पुरा करायचा असे. तो शाळेत जाई, कारण तेथे पोरे रांगेत उभी मिळत. आणि ज्यांना गेल्या वर्षी टोचले त्यांनाच पुन्हा टोची. घरातली तान्ही मुले, दिवसभर रानात असणारे मजूर, पालांत राहणारे भटके, शहराच्या कडेच्या झोपड्यांतील नवे आलेले लोक हे वर्षानुवर्षे राहून जात. देवीला तेवढे पुरेसे होते. विषाणूला जगण्यासाठी जिवंत शरीर लागते, आणि यादीतून सुटलेल्या माणसांत त्याला ती एकापाठोपाठ एक मिळत गेली.

रीत बदलली ती एका तुटवड्यातून. १९६६ च्या डिसेंबरात पूर्व नायजेरियात विल्यम फेगे नावाच्या अमेरिकन डॉक्टरपाशी साऱ्या मुलखाला पुरेल इतकी लस नव्हती. तेव्हा त्याने नकाशा पुढे घेतला, रोगी नेमके कोणत्या गावांत आहेत ते शोधले, आणि त्यांच्याभोवतीच्या लोकांना आधी टोचले. सगळ्यांना न टोचताच तेथली साथ विझली. या युक्तीला देवीचा स्वभावही अनुकूल होता. हा रोग माणसाखेरीज दुसऱ्या प्राण्यात राहत नसे. तो चेहऱ्यावर उघड दिसे. रोग्याच्या संसर्गात आल्यावर अंगावर लक्षणे यायला सुमारे बारा दिवस लागत, आणि संसर्गानंतर तीन-चार दिवसांच्या आत टोचले तरी बहुधा बचाव होई. म्हणजे रोगी वेळेवर कळला तर त्याच्याभोवती कडे करता येई. गवताच्या गंजीला आग लागली म्हणजे आपण सारे शिवार भिजवीत बसत नाही, शेजारची गंजी आधी ओढून काढतो. तसाच हा प्रकार.

भारतात ही पद्धत १९७३ च्या शरद ऋतूपासून जोरात सुरू झाली. ठरलेल्या आठवड्यात कर्मचारी गावोगाव, घरोघर जात. हातात देवीच्या रोगी मुलाचे चित्र असे आणि प्रश्न एकच असे, असा आजारी कोठे पाहिलात का? बाजारात, शाळेत, चहाच्या दुकानात हेच विचारीत. खबर देणाऱ्याला बक्षीस लावले, ते वाढवीत वाढवीत हजार रुपयांपर्यंत नेले. रोगी सापडला की त्याच्या दारात रात्रंदिवस पहारेकरी बसे, आणि येणाराजाणारा टोचल्याशिवाय सुटत नसे. शोध नीट होऊ लागला तसा रोग्यांचा आकडा आधी वाढला. १९७४ साली देशात १ लाख ८८ हजार रोगी आणि ३१ हजारांहून अधिक मृत्यू नोंदले गेले. साथ खरोखरच मोठी होती, आणि पूर्वी जे दडून राहत तेही आता मोजले जात होते.

त्या वर्षातील एक हकीकत आपणा मजुरांच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. बिहारात, आजच्या झारखंडात, जमशेदपूर हे पोलादाचे शहर. चारी दिशांचा मजूर कामाच्या शोधात तेथे येई. १९७४ मध्ये तेथे देवी पसरली आणि गावी परतणाऱ्या माणसांबरोबर रेल्वेने ती दूरदूरच्या मुलखात जाऊन पोहोचली. शेवटी शहर सोडणाऱ्यास टोचून घेतल्याशिवाय जाऊ द्यायचे नाही, असा बंदोबस्त करावा लागला. मजूर ज्या वाटेने भाकरीसाठी जातो त्याच वाटेने रोगही जातो. यात मजुराचा दोष नाही. ज्यांच्या कामासाठी तो जातो त्यांनी त्याच्या मजुरीबरोबर त्याच्या आरोग्याचाही हिशेब ठेवायला हवा, एवढाच याचा अर्थ.

या मोहिमेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर इतिहास अपुरा राहील. घाईच्या त्या महिन्यांत काही ठिकाणी रात्री घरांत शिरून, दारे मोडून, धरून बांधून लोकांना टोचल्याच्या हकीकती लिहिलेल्या आहेत. रोग गेला हे खरे, पण सरकारचा माणूस सुई घेऊन आला म्हणजे पळावे ही भीतीही मागे राहिली. लगेच पुढे आणीबाणीतील सक्तीच्या नसबंदीने तिला खतपाणी घातले. पुढे पोलिओच्या डोसांविषयी मुले होणार नाहीत अशी अफवा उठली, ती काही नुसत्या अज्ञानातून उठली नव्हती.

असो. भारतातील देशी संसर्गाचा शेवटचा रोगी १७ मे १९७५ रोजी बिहारात आढळला. त्यानंतर आठवड्याभरात आसामातील करीमगंज येथे आणखी एक रोगी सापडली. ती बांगलादेशातून आलेली निराधार बाई होती आणि रेल्वेच्या फलाटावर राहत होती. या देशातली देवीची शेवटची रोगी म्हणून तिची नोंद आहे. जिचे नाव कोणत्याच शिधापत्रिकेवर किंवा मतदारयादीत असण्याची शक्यता नव्हती, तिच्यापर्यंत मोजदाद पोहोचली तेव्हा देवी संपली. एप्रिल १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने भारत देवीमुक्त झाल्याचा निर्वाळा दिला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सोमालियातील मर्का गावी अली माओ मालिन या इस्पितळातल्या स्वयंपाक्याला देवी झाली. साऱ्या पृथ्वीवर नैसर्गिकरीत्या झालेला तो शेवटचा रोगी. तो बरा झाला, आणि पुढे त्याने आपल्या देशात पोलिओचे डोस घ्या म्हणून लोकांना समजावण्याचे काम केले. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने देवी गेल्याचे जाहीर केले.

पोलिओची लढाई अधिक अवघड होती, कारण हा शत्रू दिसत नाही. पोलिओच्या विषाणूचा संसर्ग झालेल्या सुमारे दोनशे मुलांत एखाद्याचाच पाय लुळा पडतो. बाकीची मुले हिंडतात, खेळतात आणि त्यांच्या विष्ठेतून विषाणू पसरत राहतो. म्हणजे एक पांगळे मूल दिसले तर मागे दोनशे अदृश्य मुले आहेत असे समजावे. येथे चित्र दाखवून भागत नाही. म्हणून १९९५ साली पल्स पोलिओची मोहीम सुरू झाली, आणि १९९७ पासून दुसरी यंत्रणा उभी राहिली. पंधरा वर्षांखालील कोणत्याही मुलाला एकाएकी लुळेपणा आला, मग तो कशानेही असो, की खबर द्यायची. चौदा दिवसांच्या आत, चोवीस तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घ्यायचे आणि बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवायचे. आपल्या भागातले नमुने मुंबईला जात. तेथे १९४९ साली पोलिओ संशोधन विभाग म्हणून सुरू झालेले केंद्र विषाणूची वंशावळ काढी. हा विषाणू कोणत्या प्रांतातल्या विषाणूचा वंशज आहे आणि कोणत्या वाटेने आला, ते त्यावरून कळे. २००१ पासून मुंबईच्या सांडपाण्याचेही नमुने तपासले जाऊ लागले. मूल पांगळे होण्याची वाट न पाहता गटारात विषाणू सापडला की सावध व्हायचे, अशी ही राखण.

आणि पुन्हा तोच धडा मिळाला. वर्षानुवर्षे डोस पाजूनही रोग रेंगाळत राहिला तो राहून गेलेल्या मुलांत. तेव्हा वीटभट्ट्या, बांधकामाची ठिकाणे, भटक्यांचे तळ आणि स्थलांतरितांच्या झोपडपट्ट्या यांच्या वेगळ्या याद्या केल्या गेल्या. आपल्याकडे त्यांत ऊसतोडीचे तळही आले. २००९ साली देशात पोलिओचे ७४१ रोगी होते, २०१० साली ४२ झाले, आणि शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात नोंदला गेला. २७ मार्च २०१४ रोजी आपल्या देशाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, केज, आष्टी या डोंगराळ आणि कोरडवाहू पट्ट्यातून दसरा-दिवाळीनंतर लाखो माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की मार्च-एप्रिलात परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाच्या वहीत कोयत्याचे नाव असते, उचल पैशापर्यंत लिहिलेली असते, खाडा किती झाला तेही असते. कारखान्याच्या चिठ्ठीवर गाडी आणि वजन असते. त्या कोयत्याबरोबर कोपीत राहणारे मूल मात्र कोणाच्याच वहीत नसते.

याचा लसीशी संबंध काय तो हिशेब करून पाहा. गोवर-रुबेलाची पहिली लस मूल नऊ महिन्यांचे झाल्यावर द्यायची असते. जे मूल मार्चच्या मध्याला जन्मले ते डिसेंबरच्या मध्याला नऊ महिन्यांचे होते. तेव्हा ते आपल्या गावी नसते. उसाच्या फडाच्या कडेला पाचटावर झोपलेले असते. गावच्या आशाताईच्या यादीत त्याचे नाव असते, पण मूल नसते. कारखान्याजवळच्या उपकेंद्राच्या हद्दीत मूल असते, पण यादीत नाव नसते. दोन्हीकडची नोंद खरी, आणि मूल दोन्हींच्या मधून निसटते. ज्याचा जन्मच जानेवारीत तळावर होतो, त्याचे जन्मानंतर लगेच द्यायचे डोसही असेच चुकू शकतात.

आणि गोवर हा देवीसारखा संथ नाही. बचाव नसलेल्या वस्तीत एक गोवराचा रोगी बारा ते अठरा जणांना रोग देतो. पुरळ उठण्याच्या आधीपासूनच तो पसरत असतो, म्हणून रोगी कळल्यावर कडे करणे बहुधा उशिराचे ठरते. येथे शंभरातल्या पंच्याण्णव मुलांना आधीच दोन्ही डोस मिळालेले असावे लागतात. राज्यात नोव्हेंबर २०१८ मध्ये गोवर-रुबेला लसीकरणाची मोठी मोहीम झाली. तरीही कोरोनाच्या काळात नियमित लसीकरण विस्कळित झाले आणि २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीसारख्या वस्त्यांत, भिवंडीत आणि मालेगावात गोवर उफाळून मुले दगावली. कोपीतली मुले दाटीवाटीने राहतात आणि त्यांचे पोषण बेताचे असते. अशा मुलांना गोवर झाला तर तो न्यूमोनियावर जातो.

कोणी म्हणेल, फिरत्या माणसांची नोंद ठेवणे अशक्य आहे. मी हे मान्य करीत नाही, आणि त्याला दोन दाखले देतो. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायकांची गर्भाशये काढून टाकल्याचा प्रकार उघडकीस आला तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. त्या पाहणीत ८२,३०९ बायकांची माहिती घेतली गेली आणि त्यांपैकी १३,८६१ बायकांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. एका जिल्ह्यातील ब्याऐंशी हजार बायकांपर्यंत सरकारला पोहोचता आले. दुसरा दाखला २०२० चा. मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि मजूर तळांवर अडकले. एप्रिलात त्यांना तपासणी करून गावी सोडण्याचे ठरले तेव्हा ३८ कारखान्यांच्या तळांवर सुमारे १ लाख ३१ हजार मजूर असल्याचा आकडा सरकारपाशी होता. घोटाळा उघड झाला तेव्हा मोजदाद झाली, साथीची भीती वाटली तेव्हा मोजदाद झाली. तीच दर हंगामाच्या आरंभी शांतपणे का होऊ नये?

मजुराच्या मनात यादीविषयी धास्ती असते हे मला ठाऊक आहे. त्याच्या अनुभवात यादी म्हणजे कर्जाची, खाड्याची किंवा घरकुलातून नाव वगळल्याची. आपल्या भाषेत पाळत हा शब्द चोरासाठी वापरतात आणि राखण हा पिकासाठी. आरोग्याची नोंद ही राखण आहे हे त्याला पटायचे असेल तर ती जोरजबरदस्तीने होता कामा नये, आणि तिच्यातून त्याला काही मिळाले पाहिजे. युनियनने जबाबदारी घ्यायची ती येथेच. आमच्या कार्यकर्त्याने कोपीत जाऊन समजावले आणि नर्सबाई बरोबर असली, तर आया मुलांना घेऊन आपण होऊन बाहेर येतात, हे मी पाहिलेले आहे.

करायचे ते अवघड नाही. मुकादम ज्या दिवशी उचल लिहितो त्या दिवशी कोयत्याबरोबर जाणाऱ्या मुलांची नावे, जन्मतारखा आणि राहिलेले डोस गावच्या आशाताईने लिहून द्यावेत, गरोदर बायकांची नावेही द्यावीत. तो कागद ज्या कारखान्याकडे टोळी जाणार तेथल्या आरोग्य केंद्राला आधी पोहोचावा. कारखान्याने आठवड्यातून एक वेळ अशी ठरवावी की जेव्हा मजूर फडात नसतो, आणि त्या वेळी तळावर लस यावी. लसीची चिठ्ठी आईजवळ राहावी. आता ‘यू-विन’ या संगणकीय नोंदीमुळे एका ठिकाणचा डोस दुसऱ्या ठिकाणी दिसू शकतो. पण त्या यंत्रात नाव घालणारा माणूस आधी कोपीपर्यंत चालत गेला पाहिजे.

टोळ्या आता गावी परतल्या आहेत. पुढच्या हंगामाला सुमारे सहा महिने आहेत. पट्टा पडल्यापासून पुन्हा गाड्या जुंपेपर्यंत ही मुले आपल्या गावात, आपल्या अंगणवाडीत, आपल्या डोळ्यांपुढे असतील. या सभेला आलेल्या शिक्षकांना, सरपंचांना आणि मुकादमांना माझी विनंती एवढीच आहे, की या सहा महिन्यांत आपापल्या गावची यादी करून घ्या. वही आणि पेन्सिल युनियन देईल.